गच्चीवरचा सोलर: अकरा महिने वापरल्यावर

आमच्या सोसायटीचं विजेचं बिल पहिल्यांदा उतरलं ते सोलरने नव्हे, जिन्यातल्या ट्यूबलाइट बदलल्यावर. पार्ल्यातली जुनी इमारत, दोन विंग, चार मजले, अठ्ठावीस बिऱ्हाडं. २४ ट्यूब, चोकसकट प्रत्येकी ५० वॅट, रात्रीचे अकरा तास. २० वॅटच्या एलईडी लावल्या आणि दिवसाला जवळजवळ ८ युनिट वाचले. टाकी भरून वाहत असायची नि पंप चालूच, तिथेही टाकी भरली की पंप बंद करणारा लेव्हल कंट्रोलर बसवला. महिन्याचे पंधराशे युनिट बाराशेवर आले. म्हणून १० किलोवॅटच्या सोलरमध्ये भागलं, नाहीतर कॉन्ट्रॅक्टर १३ च्या खाली यायला तयार नव्हता.

खर्च साडेसहा लाख. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे आमचे १,८०,०००. सभेत एकाने ७८,००० चा आकडा काढून गोंधळ घातला. तो स्वतंत्र घरासाठी असतो. बाकीचे पैसे वर्गणीतून काढले. त्यावर किती सभा झाल्या ते विचारू नका.

खरं भांडण गच्चीवरून झालं. १० किलोवॅटला हजारेक चौरस फूट जागा लागते. पापड-कुरडया कुठे घालायच्या? शेवटी आठ फूट उंच सांगाडा केला. खालून माणूस आरामात फिरतो. गेल्या दसऱ्याला सोलर सुरू झाला आणि चार-पाचच दिवसांनी कोजागिरी. दूध आटवून सगळे नेहमीच्या जागी बसलो नि वर बघतो तर चंद्राच्या जागी पॅनल! पातेलं उचलून टाकीपाशी नेलं.

उत्पादनाचं म्हणाल तर मार्चमध्ये १,३५० युनिट, जुलैमध्ये जेमतेम ६००. मे महिन्यात ऊन जास्त, पण पॅनल तापलं की वीज थोडी घटते, त्यामुळे मे मार्चच्या मागेच राहिला. नेट मीटर असल्याने दिवसाची जास्तीची वीज वीज कंपनीच्या ग्रिडमध्ये जाते आणि बिलात वळती होते. सोळा हजारांचं बिल मार्चमध्ये दोन हजारांच्या आसपास आलं, जुलैत पुन्हा आठ हजारांवर गेलं. या हिशेबाने पैसे चारेक वर्षांत सुटावेत.

जूनमध्ये एका दुपारी दोन तास वीज गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन लिफ्टपाशी उभ्या. "अहो, वर एवढं ऊन आहे नि लिफ्ट बंद कशी?" त्यांना काय सांगणार, आम्हालाच तेव्हा कळत होतं. ग्रिड बंद पडली की बॅटरी नसलेला असा सोलरही आपोआप बंद होतो. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला आपल्या विजेचा झटका बसू नये म्हणून. १२ ऑक्टोबर २०२० ला दिवसाढवळ्या जवळजवळ अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, तसं पुन्हा झालं तर हा सोलर काही कामाचा नाही. विकणाऱ्याने हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

वर्षभर फुकट सफाईचं आश्वासनही त्याचंच. दोनदा माणूस आला, मग फोन उचलणं बंद. शेजारी रीडेव्हलपमेंट चालू, त्यामुळे सिमेंटची धूळ, वर कबुतरं. फेब्रुवारीत बोट फिरवलं तर काचेवर राखाडी थर, त्यात विष्ठेचे वाळलेले ठिपके. आदल्या दिवशी ३१ युनिट. रविवारी सकाळी साडेसहाला, काच गार असताना, चौघांनी लांब दांड्याचे वायपर नि साधं पाणी घेऊन अर्ध्या तासात धुतलं. सोमवारी ३९. तेव्हापासून दर पंधरवड्याला पाळी लावली आहे. माझी पाळी दोनदा चुकली, हेही लिहून टाकतो.

बसवणार असाल तर कोटेशन मागवण्याआधी आजूबाजूच्या इमारतींची वयं विचारा. आमच्या पश्चिमेला चौदा मजले उठणार आहेत. सध्या सहावा स्लॅब पडलाय आणि साडेचारलाच शेवटच्या रांगेवर सावली येते. त्यात आमच्याही सोसायटीत गेल्या महिन्यात एका बिल्डरचं पत्र आलं. खजिनदारांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि पहिलं काय विचारलं, तर "सांगाडा नटबोल्टचाच आहे ना?"

नटबोल्टचाच आहे.