हॅलोविनची संध्याकाळ: दारात उभं राहायचं की ड्राइव्हवेवर बसायचं?

हॅलोविन म्हणजे 31 ऑक्टोबरची संध्याकाळ: तऱ्हेतऱ्हेचे वेष घातलेली मुलं घरोघर खाऊ मागत फिरतात. इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत नवीन घर घेतलेली मंडळी ऑक्टोबर संपत आला की मला हटकून विचारतात, "31 तारखेला मुलं येणार, चॉकलेटं किती आणू?" चॉकलेटं कमी पडली तर फार तर दिवा मालवून आत बसाल. आधी आपल्या पायऱ्या बघा. आमच्या पोर्चला पाच पायऱ्या आहेत, त्यातली मधली जरा तिरकी. रोज चढणाऱ्या पायाला ते ठाऊक असतं. पण अंधारात, मुखवट्याच्या दोन भोकांतून बघत, पायघोळ झगा सावरत चढणाऱ्या सहा वर्षांच्या पोराला कसं ठाऊक असणार? त्यातून त्या दिवसांत मेपलची पानं ओली होऊन लाकडाला अशी चिकटतात, की पाय शेवाळावर पडल्यासारखा सरकतो.

म्हणून पहिला निर्णय जागेचा. घरोघर तीन पद्धती दिसतात.

पहिली, दारात थांबायचं. बेल वाजली की दार उघडायचं, "ट्रिक ऑर ट्रीट" (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) ऐकायचं, कौतुक करायचं. गंमत सगळ्यात जास्त यातच, आणि घरी आलेल्या आजीआजोबांनाही उबेत बसून ती बघता येते. पण मग कामं वाढतात. पानं झाडायची, कठडा हलतोय का बघायचं, पाण्याचा पाइप आणि मुलांच्या सायकली गॅरेजमध्ये टाकायच्या, सजावटीच्या वायरी वाटेवरून न नेता कडेने न्यायच्या, आणि त्या बाहेर वापरायच्याच आहेत याची खात्री करायची. धुराचं मशीन लावलं असेल तर ते पायऱ्यांपासून लांब ठेवा. कुत्रा असेल तर तो आतल्या खोलीत. एरवी गरीब असलेला कुत्रासुद्धा सलग चाळीस वेळा बेल वाजली आणि दारात फुगवलेला डायनासोर दिसला की बिथरतो.

दुसरी, ड्राइव्हवेवर, म्हणजे रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या गाडीच्या वाटेवर, घडीचं टेबल आणि खुर्ची टाकून बसायचं. 2020 साली करोनामुळे अनेकांनी हे सुरू केलं, आम्हीही. नंतर आम्ही दाराकडे परत गेलो नाही. पायऱ्यांचा प्रश्नच मिटतो, व्हीलचेअरवरचं मूलही थेट टेबलापर्यंत येतं, आणि शेजाऱ्यांशी वर्षभरात झाल्या नसतील एवढ्या गप्पा होतात. थंडी वाजते, हे खरं. स्वेटर आणि चहाचा थर्मास घेऊन बसा.

यात एक चूक मात्र बरेचजण करतात: टेबल अगदी रस्त्याच्या कडेला मांडतात. मग मुलांची रांग रस्त्यावर सांडते. हॅलोविनचा खरा धोका गाड्यांचा आहे. 1975 ते 2016 या काळातल्या अमेरिकेतल्या नोंदी तपासल्यावर असं दिसलं, की 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी पादचाऱ्यांच्या अपघाती मृत्यूचं प्रमाण एक आठवडा आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळींपेक्षा 43 टक्क्यांनी जास्त होतं. तेव्हा टेबल घराच्या बाजूला, दहा-बारा फूट आत. आणि स्वतःची गाडी साडेपाचनंतर हलवायचीच नाही. दूध संपलं असेल तर दुपारीच आणा.

तिसरी पद्धत, पायरीवर वाडगं ठेवून "एकच घ्या" अशी पाटी लावायची. ऑफिसातून उशिरा येणाऱ्यांचा नाइलाज असतो, मी समजू शकते. पण सुरक्षिततेच्या हिशेबात हे सगळ्यात कच्चं, कारण पायऱ्या चढायला लावायच्या आणि बघायला कुणी नाही. हेच करायचं असेल तर वाडगं पायऱ्यांच्या खाली, उजेडात ठेवा.

माझं मत विचाराल तर चारपेक्षा जास्त पायऱ्या असतील तर ड्राइव्हवे, एखाददुसरीच असेल तर खुशाल दार.

आता उजेड. इथे आपला मराठी माणूस अडतो, कारण हॅलोविन आणि दिवाळी कधीकधी गळ्यात गळा घालून येतात. 2024 मध्ये तर इथल्या वेळेप्रमाणे लक्ष्मीपूजन नेमकं 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी आलं. आमच्या पायऱ्यांवर दोन्ही कडांना पणत्या होत्या, वर आकाशकंदील, खाली रांगोळी. बघायला इतकं सुंदर, की टेबल मांडलेलं असूनही परीच्या वेषातली एक चिमुरडी रांगोळी बघायला धावत पायऱ्यांपाशी गेली, आणि वाकली तेव्हा तिच्या जाळीच्या पंखाचं टोक पणतीवर आलं. टोक फक्त आकसलं, काळं झालं. जळक्या प्लास्टिकचा तो वास मला अजून आठवतो. पोरगी हसतच होती; तिची आई आणि मी पांढऱ्याफटक. असे पोशाख बहुतेक पॉलिएस्टरचे असतात. त्यावर ज्वालारोधक लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ पेट धरायला वेळ लागतो आणि लवकर विझतो एवढाच. पेटणारच नाही असा नव्हे.

तेव्हापासून तेलाच्या पणत्या देवापुढे आणि मागच्या अंगणात तुळशीपाशी. जिथे मुलं फिरकतात तिथे एलईडी. मान्य आहे, एलईडीची पणती म्हणजे प्लास्टिकच्या फुलांचा गजरा. पण अंधारात दहा फुटांवरून फरक कळत नाही.

कोरलेल्या भोपळ्याचंही तेच. आत खरी मेणबत्ती लावली की झाकण आतून भाजतं आणि भाजलेल्या भोपळ्याचा गोडसर वास सुटतो, ती मजा एलईडीत नाही. तेवढ्यासाठी मेणबत्ती हवीच असेल तर भोपळा उंच, दगडी ओट्यावर, वाटेपासून दूर ठेवा, आणि शेजारी मक्याची वाळकी ताटं किंवा गवताची पेंढी नको. ती कापरासारखी पेटतात.

एलईडी म्हणजे बिनधोक असंही समजू नका. स्वस्त दिव्यांत नाण्याच्या आकाराची बॅटरी असते. लहान मुलानं ती गिळली तर काही तासांत अन्ननलिका भाजते. अशा बॅटरीचं झाकण सहज उघडता येऊ नये म्हणून अमेरिकेत 2022 मध्ये कायदा झाला, पण घरातले जुने दिवे त्याआधीचे असू शकतात. झाकणाला स्क्रू आहे का बघा, नाहीतर पेन्सिल सेलवाले घ्या.

खाऊबद्दल थोडक्यात. घरचे लाडू, शंकरपाळे, चिक्की अनोळखी मुलांना देऊ नका. तुमच्या हातावर कुणाला शंका आहे म्हणून नव्हे. सुटा खाऊ इथले आईवडील घरी जाऊन टाकून देतात, आणि शेंगदाणा, काजू, तीळ यांची अॅलर्जी असलेलं मूल तुम्हाला दारात ओळखू येत नाही. तिळाचाही उल्लेख लेबलवर हवा, असा नियम 1 जानेवारी 2023 पासून आहे. छोट्या चॉकलेटांच्या वेष्टनावर घटक पुष्कळदा छापलेलेच नसतात, म्हणून मोठी पिशवी फेकू नका. एखाद्या आईनं विचारलं तर दाखवता येते. चॉकलेट की खेळणी, असा प्रश्न असेल तर दोन वाडगी ठेवा. दुसऱ्यात स्टिकर, पेन्सिली, चमकणाऱ्या कांड्या, आणि शेजारी मोरपिशी निळ्या रंगानं रंगवलेला छोटा भोपळा. 2014 पासून देशभर रुळलेली ही खूण आहे: या घरी खाण्याखेरीजही काही मिळेल. चार वर्षांखालच्यांना दाणे आणि कडक गोळ्या नकोतच, घशात अडकतात. आणि उरलेली चॉकलेटं कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाहीत अशा उंचीवर. त्याला ती विषारी.

हे सगळं नकोच असेल तर पोर्चचा दिवा बंद ठेवा. दिवा बंद म्हणजे या घरी यायचं नाही, हे इथल्या बहुतेक मुलांना कळतं आणि कुणी रागावत नाही. बसणार असाल तर साडेआठच्या सुमारास टेबल आवरा, पण आधी वाटेच्या कडेच्या वायरी गुंडाळा आणि मग दिवा मालवा. उलट क्रमानं केलं आणि मीच आपटले होते.