वाड्याचं लाकूडकाम करून घ्यायचं असेल तर

जुन्या नाशकातला आमचा वाडा लोखंडाच्या पैशावर उभा राहिला. पणजोबांचा धंदा बैलगाडीच्या चाकांना धाव, म्हणजे लोखंडी पट्टा, चढवायचा. धाव तापवून लाल करायची, चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसतं, चाक आवळलं जातं. पुढे भट्टी, मागे चौक, वर माडी. सगळा भार सागवानी खांबांवर आणि तुळयांवर, भिंती म्हणजे मातीत रचलेल्या विटांची नुसती भर. १९६९ च्या महापुरात चौकाकडची भिंत बसली, माडी मात्र जागची हलली नाही.

दोन खांब खालून कुजले, ते सिमेंटमुळे. पूर्वी एका ठेकेदाराने भिंतींना सिमेंटचा गिलावा केला होता. मातीची भिंत ओल बाहेर सोडते, सिमेंट ती आत कोंडतं आणि लाकूड ती पीत राहतं. नंतर जो आला त्याने एकच सांगितलं: पाडा, आरसीसी घाला.

शेवटी पंचवटीतले एक सुतार मिस्त्री आले, ते आधी प्रत्येक खांबावर हातोडी वाजवत फिरले. जिथे पोकळ आवाज आला तिथे खडूने खूण. मग तुळईला जॅक लावून ती केसाकेसाने उचलली, खांबाचा कुजका भाग तेवढाच कापला, जुन्या सागाचा तुकडा सांधा करून बसवला आणि लाकडी खुंट्या ठोकल्या. सिमेंट खरवडून भिंतींना चुना लावला. पोऱ्या जुने खिळे भंगारात टाकायला निघाला, तर त्याला थांबवलं. पणजोबांच्या ऐरणीवरचे, चौकोनी अंगाचे खिळे ते! एकेक सरळ करून दिंडी दरवाजाला परत ठोकले. मला तिथे भरून आलं.

अडचणी सांगते. आगाऊ आकडा मिळत नाही, कारण तुळईचं भिंतीतलं टोक उघडल्याशिवाय कळतच नाही. हिशेब रोजावर, वहीत लिहिलेला, पण चोख. लग्नसराईत माणसं गायब होतात. जिन्याची एक पायरी अजून करकरते, तेवढी त्यांनी करून द्यायलाच हवी.

नाशकातल्याच जुन्या सरकारवाड्यातले लाकडी खांब आधी पाहून या, म्हणजे मिस्त्रींशी काय बोलायचं ते सुचेल. काम होळी झाली की लगेच काढा. चुना सावकाश सुकतो, आणि मृगाच्या आत कौलं परत चढली पाहिजेत.