उकाड्याच्या गावी घरचं कार्य: आदल्या रात्री पोहोचावं की चार दिवस आधी?

थंड हवेतून कडक उन्हाच्या गावी कार्याला जायचं, तर आदल्या रात्री पोहोचणं सोयीचं वाटतं: रजा वाचते, यजमानांवर भार पडत नाही. पण उकाडा पुरता अंगवळणी पडायला साधारण 7 ते 14 दिवस लागतात. चार-पाच दिवस आधी गेलात तरी बराच फरक पडतो. घाम लवकर सुटू लागतो, नाडीची धडधड उतरते. मात्र सगळा वेळ एसीत बसलात तर यातलं काही होत नाही, रोज थोडं बाहेर पडायलाच हवं. वयस्कर मंडळी सोबत असतील तर मी रजा खर्च करेनच; त्यांना तहानही कमी जाणवते. धडधाकट तरुणांनी आदल्या रात्री यावं, फक्त भर दुपारची धावपळ अंगावर घेऊ नये.