साडेआठशेची टॉर्च, आठ महिन्यांनंतर : उजेड झकास, पण ते ब्लिंक काढा आधी

परवा देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत परत तेच झालं म्हणून लिहायला बसलेय. १८६५० नंबरचा चार्ज होणारा सेल, टाइप-सी, झूम वगैरे सगळ्यांना माहितीये, ते सोडते. आम्ही नाशिकचे, रविवारी पहाटे निघून रात्री घरी परत येणारे, लेण्यांत-देवळांत मोबाइलचं चार्जिंग संपवायला नको म्हणून मेनरोडवरून ही घेतली.

बटण एकच. फुल, मग मंद, मग ब्लिंक, मग बंद. म्हणजे बंद करायची तरी दर वेळी ब्लिंकमधूनच जायचं! अंधारी म्हणजे खडकात खोदलेला वळणावळणाचा बोगदा, शत्रूची वाट चुकावी म्हणूनच केलेला, पायऱ्या लहानमोठ्या, वर वटवाघळं आणि तो वास. सासूबाईंचा हात धरून चढत होते, समोरून माणसं उतरत होती, त्यांच्या डोळ्यांवर उजेड नको म्हणून मंद करायला गेले तर बटण दोनदा दाबलं गेलं आणि भकभक सुरू. सासूबाई जागच्या जागी थांबल्या. "अगं, पायरीच दिसेना, ते बंद कर!" त्यांचा हात थरथरत होता. कोणाला लागतं हे ब्लिंक? आठ महिन्यांत मला एकदाही लागलेलं नाही.

आता चार्जिंगचं. तिसऱ्या महिन्यात चार्जच होईना. दुकानदार म्हणाला वॉरंटी कंपनीची, कंपनीचा फोन कोणी उचलेना, मी तिथेच चांगलं भांडून आले आणि तेव्हाच लिहिलं असतं तर एकच स्टार दिला असता. पण पंचवटीतल्या मोबाइल रिपेअरवाल्या दादांनी दोन मिनिटांत सांगितलं, "ताई, तुमची केबल दोन्हीकडून सी आहे. यांनी पोर्टला ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावलेच नाहीत, मग चार्जर करंट सोडत नाही. जुनी चपट्या तोंडाची केबल लावा." लावली, झाली चार्ज. टॉर्च बिघडलेली नव्हती, पण रेझिस्टरला असे किती पैसे लागतात हो, तेवढ्यात काटकसर का करायची?

उजेडाला मात्र नावं ठेवणार नाही. पांडवलेण्यात ३ नंबरच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे, मुलाच्या, गौतमीपुत्र सातकर्णीच्या, घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असं तिने कोरून घेतलंय. समोरून टॉर्च मारली तर भिंत नुसती पांढरी दिसते. भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा, खाचांत सावली भरते आणि अक्षरं वर येतात. अधिकच्या चिन्हासारखा, खाली शेपटी ओढलेला ब्राह्मी लिपीतला क माझ्या मुलीने स्वतः शोधला, मग पुढचा अर्धा तास ती प्रत्येक ओळीत क शोधत होती. (अजिंठ्याला चित्रांवर असला झोत कृपया मारू नका, रंगांचं नुकसान होतं.)

सिन्नरला गोंदेश्वरच्या मंडपातही तसंच, खांबावरच्या बोटभर आकृत्यांचे हातपाय वेगवेगळे दिसायला लागतात. सिन्नर ही यादवांची आधीची राजधानी, पुढे ११८७च्या सुमारास पाचव्या भिल्लमाने देवगिरीला नेली, आणि १३२७ मध्ये तुघलकाने दिल्लीहून आपली राजधानी तिथेच आणून दौलताबाद केलं. आधी सिन्नर बघा मग देवगिरी, पण एका दिवसात दोन्ही करू नका, आम्ही केलं आणि किल्ल्यावरच्या बारादरीपर्यंत पोचायलाच ऊन उतरलं.

सेल अजून दणकट आहे, मंदवर पूर्ण दिवस सहज जातो. चार स्टार दिले असते, ब्लिंकमुळे तीन. रिपेअरवाल्या दादांना विचारलं, ते काढता येईल का, तर म्हणाले आतली सर्किटची चकती बदलावी लागेल, फुल आणि मंद एवढंच असलेली मिळते, दोनशे रुपये. उद्या टॉर्च त्यांच्याकडे टाकून येतेय, पुढच्या रविवारी सासूबाईंना परत गोंदेश्वरला न्यायचंय.