चित्रपुस्तकावर ब्रेल: पारदर्शक शीट की जाड कागद?

लातूरच्या एका पालकांनी विचारले आहे की, दृष्टिहीन मुलीच्या चित्रपुस्तकासाठी ब्रेल मजकूर पारदर्शक चिकट शीटवर उठवावा की जाड कागदावर.

खर्चात कागद उजवा आहे. साधारण १४० ते १६० जीएसएमचा (एका चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन) कागद चालतो आणि हात बसेपर्यंत तो वाया गेला तरी जीव हळहळत नाही. कागदावरचा जादा ठिपका नखाने दाबून बसवता येतो, प्लास्टिकवर मात्र तो पुरता मिटत नाही आणि बोटाला खुपत राहतो.

टिकाऊपणाचे गणित वेगळे आहे. कागदाचे ठिपके रोजच्या वाचनाने आणि पुस्तकांच्या थप्पीखाली चपटे होतात. प्लास्टिकचे दीर्घकाळ उभे राहतात. तथापि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घामेजलेले बोट प्लास्टिकवर अडखळते, हे जाहिरातीत कधी दिसायचे नाही. स्लेट (ठिपक्यांच्या खाचांची चौकट) आणि स्टायलसने (टोचणीने) लिहिताना शीटचा मागचा कागद आधी सोलू नये. त्या बाजूने उजवीकडून डावीकडे टोचत गेल्यास ठिपके वरच्या बाजूला उमटतात, मग पट्टी कापून छापील ओळीवर चिकटवावी.

डोळस आजी आणि नात एकच पान मिळून वाचणार असतील, तर शीटच घ्यावी, कारण खालची अक्षरे व चित्रे झाकली जात नाहीत. लेखनाचा सराव, गृहपाठ किंवा लांब मजकूर यांसाठी कागद पुरेसा आहे.