दादरचं फॉरेन एज्युकेशन ऑफिस: कागदपत्रांना चार स्टार, कोर्स निवडायला दोन

माझ्या भावाच्या मुलीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, बीएस्सी बायोमेडिकल सायन्स झालंय आणि तिला आता लॅबमध्ये नाही तर पेशंटसोबत काम करायचंय, म्हणून मास्टर्स शोधायला आम्ही दादर वेस्टच्या एका फॉरेन एज्युकेशन कन्सल्टन्सीत गेलो, त्याचा हा रिव्ह्यू. ऑफिसचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे खटकलं ते त्यांच्या एकट्यापुरतं नाही, या धंद्याची पद्धतच तशी आहे, आणि ज्यांच्या घरात बायोटेक, मायक्रो, लाइफ सायन्स झालेली मुलं आहेत त्यांना नावापेक्षा बाकीची माहिती जास्त उपयोगी पडेल. मी पालिकेच्या हॉस्पिटलात सिस्टर आहे, नोकरीची बरीच वर्षं मेडिसिन वॉर्डात गेली, त्यामुळे पेशंटशी थेट काम कशाला म्हणायचं यावर माझी मतं ठाम आहेत, ते धरूनच वाचा.

आधी चांगलं सांगते. कागदपत्रांच्या बाबतीत ही माणसं खरंच हुशार आहेत. युनिव्हर्सिटीची ट्रान्सक्रिप्ट काढायला कलिनाला कधी जायचं, कुठला फॉर्म, मार्कशीटच्या किती झेरॉक्स, सगळं एका कागदावर लिहून दिलं. यूकेच्या व्हिसासाठी पैसे खात्यात सलग २८ दिवस राहायला लागतात, मधे एक दिवस जरी कमी झाले तरी पुन्हा पहिल्यापासून मोजणी, हे त्या व्हिसा डेस्कवरच्या मुलाने भावाला पासबुक समोर ठेवून तारखा लावून दाखवलं. टीबीची टेस्ट त्यांनी मान्य केलेल्या सेंटरलाच करायची, हेल्थ सरचार्ज वर्षाला ७७६ पाउंड आणि तो फीमध्ये धरलेला नसतो, हेही स्वतःहून सांगितलं. तो मुलगा पंचविशीतलाच असेल, पण एकदाही कंटाळला नाही, भावाने तोच प्रश्न फिरवून फिरवून विचारला तरी.

आता कोर्सचं. काउन्सेलर मॅडमनी भाचीचे मार्क बघितले, बायोमेडिकल आहे म्हणजे प्रोफाइल एकदम छान म्हणाल्या, आणि लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. यादीत होतं एमएस्सी पब्लिक हेल्थ, हेल्थकेअर मॅनेजमेंट, क्लिनिकल रिसर्च आणि परत एकदा बायोमेडिकल सायन्स. भाचीने सरळ विचारलं, "यातला कुठला कोर्स केल्यावर मी स्वतः पेशंट बघणार?" तर उत्तर आलं, "अगं, जॉब हॉस्पिटलमध्येच लागेल ना." मग मी बोलले, की मॅडम, हॉस्पिटलात बिलिंग काउंटर पण असतो, तिथला माणूस पेशंट बघत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, आधी एकदा तिथे पोचू द्या, मग लाइन बदलता येते.

हे मला अजिबात पटलं नाही. वरचे कोर्स वाईट नाहीत, पब्लिक हेल्थवाल्यांचं काम किती मोठं असतं ते आम्ही कोविडमध्ये बघितलंय. पण त्यातला एकही कोर्स तुम्हाला पेशंटला हात लावायचा अधिकार देत नाही. तो अधिकार रजिस्ट्रेशनने येतो. यूकेमध्ये त्यासाठी एचसीपीसी नावाची कौन्सिल आहे, १५ प्रोफेशन तिच्याखाली येतात, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, डाएटेटिक्स, रेडिओग्राफी, स्पीच थेरपी, ऑर्थोप्टिक्स वगैरे. यातल्या बऱ्याच प्रोफेशनला तिथे दुसऱ्या विषयाचा ग्रॅज्युएट साधारण दोन वर्षांच्या मास्टर्सने जाऊ शकतो, कोर्सच्या नावाशेजारी कंसात प्री-रजिस्ट्रेशन लिहिलेलं असतं. नुसतं एमएस्सी फिजिओथेरपी बघून भरून टाकाल तर तो आधीच फिजिओ असलेल्यांचा पुढचा कोर्स निघू शकतो. भाचीला हवं होतं ते नेमकं हे प्री-रजिस्ट्रेशन, आणि त्या स्क्रीनवर ते एकही नव्हतं. आम्ही विचारल्यावर मॅडमनी सर्च केलं, पण आमच्या टाय-अपमध्ये दिसत नाही म्हणाल्या.

ही सर्व्हिस मुलांना जवळजवळ फुकट का मिळते ते इथे कळतं. फाइल ओपनिंगचे ₹५,००० घेतले, बाकी काही नाही. अशा ऑफिसांचं मुख्य उत्पन्न बहुतेक वेळा युनिव्हर्सिटीकडून मिळणारं कमिशन असतं. यात लपवाछपवी आहे असं मी म्हणत नाही, पण मग यादी कोणाच्या सोयीने बनते ते आपण ओळखायला हवं. प्री-रजिस्ट्रेशनच्या सीट मोजक्या असतात, कारण प्रत्येक मुलाला हॉस्पिटलात प्लेसमेंट द्यावी लागते. फिजिओ आणि ओटीला (ऑक्युपेशनल थेरपी) साधारण १,००० तास प्रत्यक्ष पेशंटवर काम करावं लागतं. एवढी मुलं एखाद्या वॉर्डात घ्यायची म्हणजे शिकवणारी माणसं तेवढी लागतात, आमच्याकडे नर्सिंगच्या स्टुडंट पोस्टिंगला आल्या की एका बेडभोवती आठ जणी उभ्या राहिल्यावर काय होतं ते मला माहितीये. मॅनेजमेंटच्या वर्गात मात्र दोनशे बसले तरी चालतात.

पुढच्या वेळी गेलो तर मॅडमनी फिजिशियन असोसिएट, म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली पेशंट बघणारी पोस्ट, सुचवलं, आणि अगदी जोरात सुचवलं, दोन वर्षांत डॉक्टरसारखं काम म्हणून. भाचीचे डोळे चमकले. खरं म्हणजे बायोमेडिकलवाल्या मुलांसाठीच जणू तो कोर्स बनवलाय असं तिथे वर्षानुवर्षं सांगितलं जातं आणि खूप जण त्यातून गेलेतही. पण डिसेंबर २०२४ मध्ये जीएमसीने, म्हणजे तिथल्या डॉक्टरांच्या कौन्सिलने, त्यांचं रजिस्ट्रेशन सुरू केलं आणि जुलै २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नेमलेल्या प्रोफेसर जिलियन लेंग यांचा रिपोर्ट आला, त्यात म्हटलंय की नाव बदलून फिजिशियन असिस्टंट करा आणि निदान न झालेला पेशंट ठरवून दिलेल्या चौकटीबाहेर त्यांनी बघू नये. आता काम कुठपर्यंत, नोकऱ्या किती, यावर तिथे एवढा वाद चालू असताना तीस-पस्तीस लाख घालणाऱ्या घराला हे आधी सांगायला नको का? मॅडमना रिपोर्टबद्दल विचारलं तर त्या म्हणाल्या ते पॉलिटिक्स असतं. माझे दोन स्टार इथे गेले. मुलीच्या आयुष्याची दोन वर्षं आणि भावाचं डोंबिवलीचं घर गहाण, याला मी पॉलिटिक्स म्हणून सोडून देऊ शकत नाही.

स्पीच थेरपीचंही तसंच. भाचीला ते आवडलं असतं, तिची आजी स्ट्रोकनंतर बोलायला लागली ती एका थेरपिस्टमुळेच. पण त्याला एचसीपीसीला आयईएलटीएस ८ लागतो, एकाही भागात ७.५ च्या खाली चालत नाही, बाकी प्रोफेशनपेक्षा खूप वर. भाषेचंच काम आहे, म्हणून असेल ते बरोबरच आहे, पण ते क्लासची फी भरायच्या आधी कळायला हवं.

आणि इंडियातले पर्याय तर त्या ऑफिसात निघालेच नाहीत, निघणार तरी कसे. इथे एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीचं मास्टर्स, करायचं तर आधी त्याचीच बॅचलर डिग्री बीपीटी लागते. ऑडिओलॉजी-स्पीचचं मास्टर्स करायचं तर त्याच विषयाची बॅचलर डिग्री बीएएसएलपी लागते, वांद्र्याच्या अली यावर जंग इन्स्टिट्यूटची चौकशी करून आलो आम्ही. म्हणजे बायोमेडिकलनंतर ही दारं बंदच, पुन्हा बारावीच्या मुलांबरोबर पहिल्या वर्षाला बसायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. उघडी दारं दोन-तीनच, आणि त्यातलं एक कोणाच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे मेडिकल सोशल वर्क. सोशल वर्कचं मास्टर्स, म्हणजे एमएसडब्ल्यू, कुठल्याही ग्रॅज्युएटला करता येतं, टाटा इन्स्टिट्यूटला (टिस) आहे, निर्मला निकेतनला आहे. आमच्या वॉर्डात गावाकडून आलेला पेशंट, सोबत फक्त म्हातारी आई, इंजेक्शन बाहेरून आणायचं, पैसे नाहीत, तेव्हा ट्रस्टचे अर्ज भरून, आईला समजावून, पेशंट निघून जाऊ नये म्हणून रोज येऊन बसणारी जी बाई असते ती एमएसडब्ल्यू. पेशंटच्या जवळचं काम यापेक्षा जास्त कुठलं असतं मला सांगा. पगार फार नाही, हेही खरं.

या सगळ्यात आम्हाला खरी मदत झाली ती दुसऱ्या सर्व्हिसची, तिला मी पाचपैकी पाच देईन. एक जेनेटिक काउन्सेलर आहेत, म्हणजे आनुवंशिक आजारांबद्दल पेशंटशी आणि घरच्यांशी बोलणाऱ्या, मुंबईतच प्रॅक्टिस करतात, त्या करिअरसाठी ऑनलाइन तासभर बोलतात, ₹१,५०० घेतात. त्यांनी आधी कोर्सचं नावच काढलं नाही. भाचीला म्हणाल्या, तू लॅबमध्ये एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजायची टेस्ट) केलंस, हिमोग्लोबिन ए२ साडेतीन टक्क्यांच्या वर दिसलं की थॅलेसेमिया मायनर, म्हणजे या रक्ताच्या आजाराचा वाहक, लिहिलंस, मग तो रिपोर्ट घेऊन घरी गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं ते बघितलंस का कधी? नाही म्हटल्यावर त्यांनीच एका डे-केअरला परवानगी काढून दिली, जिथे थॅलेसेमियाची मुलं रक्त चढवायला येतात, आणि तिथे स्वतःच्या मागे खुर्चीत बसून ऐकायला सांगितलं, मधे बोलायचं नाही या अटीवर.

तिथे एक जोडपं होतं, मोठ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर, बाई पुन्हा प्रेग्नंट. वडिलांचं म्हणणं, चारात एक आजारी असतं असं सांगितलं होतं, एक झालं, म्हणजे आता पुढची तीन चांगली. भाचीला बीटा ग्लोबिन जीन पाठ, आख्खा चॅप्टर पाठ, पण ती सांगत होती की आत्या, त्या माणसाला मी काय बोलले असते मला सुचेना. त्या मॅडमनी चार चिठ्ठ्या केल्या, एकीवर फुली मारली, घड्या घालून त्याला एक उचलायला सांगितली, फुलीची निघाली. ती त्यांनी परत आत टाकली, हलवलं आणि म्हणाल्या, आता पुन्हा उचला, चिठ्ठ्या चारच आहेत ना अजून? तो माणूस बराच वेळ चिठ्ठ्यांकडे बघत राहिला आणि मग बायकोला म्हणाला की टेस्ट करून घेऊ. नंतर सीव्हीएस, म्हणजे वारेचा नमुना घेऊन गर्भाची करायची टेस्ट, कितव्या आठवड्यात करतात, रिपोर्ट कसाही आला तरी निर्णय तुमचा, कायदा काय म्हणतो, हे सगळं बोलणं झालं. त्यात एकदाही मॅडमनी हे करा किंवा ते करू नका म्हटलं नाही. भाची संध्याकाळी परळहून माझ्याकडेच आली आणि जेवताना तेच बोलत होती, मला वाटतं तिचं तिथेच ठरलं.

या लाइनचं शिक्षण बायोमेडिकलवाल्यांना खरंच जवळचं आहे, जेनेटिक्सचा पाया तयार असतो, बोलायचं आणि ऐकायचं शिकायचं असतं. अमेरिकेत सारा लॉरेन्स कॉलेजात याचा पहिला मास्टर्स १९६९ ला सुरू झाला, यूकेत कार्डिफ, ग्लासगोला आहे, आपल्याकडे मणिपालला एमएस्सी आहे, आणि बोर्ड ऑफ जेनेटिक काउन्सेलिंग इंडिया सर्टिफिकेशन देतं. सिकलसेल या अशाच आनुवंशिक रक्ताच्या आजाराचं राष्ट्रीय मिशन २०२३ ला सुरू झालं, २०४७ पर्यंतचं टार्गेट आहे, आपल्या पालघर, गडचिरोलीसारख्या भागांत तपासणी झाल्यावर लोकांशी बोलणारी माणसं लागणारच आहेत. पण मोठ्या हॉस्पिटलांच्या बाहेर पोस्ट कमी आहेत हे त्या मॅडमनी स्वतःच सांगितलं, स्वतःच्या लाइनचं वाईटही सांगितलं, म्हणून मला त्यांचा भरवसा वाटला.

अजून एक काम त्यांनी करायला लावलं. ज्याला परत येऊन इथे प्रॅक्टिस करायचीये त्याने जाण्याआधीच इथल्या कौन्सिलला लेखी विचारायचं, की मी अमुक डिग्री घेऊन आलो तर रजिस्ट्रेशन द्याल का. फिजिओ आणि ओटीची महाराष्ट्रात वेगळी कौन्सिल आहे, आणि २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्याने देशपातळीवर कमिशन आलंय. फोनवर कोणी हो म्हणालं तर ते धरू नका, ईमेलचं उत्तर प्रिंट काढून फाइलला लावा. दादरच्या ऑफिसात परत यायचा विषयच कोणी काढला नव्हता, सगळं बोलणं जाण्याचंच.

सध्या भाचीने मणिपालचा फॉर्म भरलाय आणि यूकेची एक युनिव्हर्सिटी निवडलीये, आणि यूकेच्या फाइलसाठी आम्ही पुन्हा त्याच दादरच्या ऑफिसात गेलो, कोर्स आमचा आम्ही ठरवून. युनिव्हर्सिटी त्यांच्या टाय-अपमध्ये नाही, म्हणून त्यांनी ₹१५,००० वेगळे सांगितले, भावाला जास्त वाटले, मला नाही वाटले, कारण यात कमिशन दुसऱ्या कोणाचं नाही आणि काम ते चोख करतात. काउन्सेलर मॅडमही या वेळी नीट वागल्या, प्री-रजिस्ट्रेशनची यादी आमच्याकडून मागून घेतली. जाणार असाल तर शनिवार टाळा, टोकन घेऊन दोन-दोन तास बसावं लागतं, मंगळवार-बुधवारी सकाळी अकराला गेलात तर व्हिसा डेस्कवरचा तो मुलगा निवांत भेटतो, त्यालाच विचारा.