नकाशा ‘पास’ झाला म्हणाले, पालिकेत तो गेलाच नव्हता

पुण्यात स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायचं तुमच्या मनात असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा. आमचे 3,80,000 रुपये गेलेत आणि ज्या पद्धतीने गेले, तीच पद्धत आत्ताही कुणाच्या तरी दिवाणखान्यात चालू असणार.

बाबांनी 1998 साली धायरीत दोन गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट घेतला. तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती, 2017 मध्ये धायरी महापालिकेत आली. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे राहायला आली आणि त्या प्लॉटवर घर बांधायचं ठरलं. मागणं साधं होतं. आईचे गुडघे दुखतात म्हणून तिची खोली तळमजल्यावर, लागून बाथरूम. स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात दार, म्हणजे भांड्यांची मोरी बाहेर काढता येईल. वर दोन बेडरूम आणि वाळवणापुरती गच्ची.

ओळखीतून एक गृहस्थ आले. कार्डावर ठळक ‘आर्किटेक्ट’. आईला मावशी म्हणत तिच्याशेजारी बसून त्यांनी देवघर कुठे, ओट्याची उंची किती, सगळं वहीत उतरवून घेतलं. मला म्हणाले, “ताई, पालिकेचं सगळं माझ्यावर सोडा. तुम्ही वास्तुशांतीची तारीख काढा.” डिझाइनचे 80,000 घेतले. मग ‘पालिकेचे डेव्हलपमेंट चार्जेस भरायचेत, साहेब थांबलेत’ असं सांगून 3,00,000 स्वतःच्या खात्यात मागवले. काही आठवड्यांनी शिक्के मारलेला नकाशा आणि बंगल्याचं रंगीत थ्रीडी चित्र हातात ठेवलं. आईने ते चित्र बाबांच्या फोटोखाली लावलं.

पहिली शंका आली ती आखणीच्या दिवशी. प्लॉटवर भिंतींच्या जागी चुन्याची फक्की मारली होती. माझ्या भावाने सहज टेप लावला. नकाशात बेडरूम 10 बाय 12 फूट होती. टेपवर आतलं माप भरलं 9 फूट 3 इंच बाय 11 फूट 3 इंच. त्या गृहस्थांनी मापं भिंतींच्या मध्यरेषेपासून मध्यरेषेपर्यंत लिहिली होती आणि आम्हाला ती आतली म्हणून सांगितली होती. नऊ इंची भिंत, त्यामुळे लांबीत नऊ आणि रुंदीत नऊ इंच गेले, वर प्लास्टर आणखी इंचभर खाणार. साडेसहा फुटांचा पलंग आणि समोर दोन फूट खोल कपाट ठेवलं, की मधे आठ इंच उरतात. तेवढ्यात कपाटाचं दारसुद्धा उघडत नाही. बांधकामाचा दर मात्र बिल्टअपवर, भिंतींसकट क्षेत्रफळावर लावलेला, म्हणजे भिंतींचे पैसे आम्हीच देणार होतो.

मग भावाने जिन्याच्या पायऱ्या मोजल्या. दहा फुटांची उंची चौदा पायऱ्यांत काढलेली, एकेक पायरी साडेआठ इंचांहून जास्त. राहत्या घरात ती 19 सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेसात इंचांच्या वर नको, असं राष्ट्रीय बांधकाम संहिता सांगते. त्या हिशेबाने सोळा पायऱ्या हव्यात. त्या दिवाणखान्यात मावत नव्हत्या, म्हणून दोन कापल्या. गच्चीवर पापड घालायला जाणारी माझी आई तो जिना कसा चढणार होती?

विचारलं तर उत्तर आलं, “नकाशा मंजूर आहे, आता बदलता येत नाही.” तो मंजूर नव्हता हे बँकेत कळलं. गृहकर्जासाठी कागद दिले तेव्हा बँकेच्या इंजिनिअरने आधी बोट ठेवलं ते सामासिक अंतरावर, म्हणजे घर आणि हद्द यांच्यात मोकळ्या सोडायच्या जागेवर. घर बाजूच्या हद्दीला जवळजवळ टेकलं होतं. असा नकाशा मंजूर होणं कठीण, तुम्ही पालिकेत खात्री करा, असं ते म्हणाले. बांधकाम परवानगी विभागात त्या क्रमांकाचं प्रकरणच नव्हतं. शिक्के बनावट होते.

नकाशावरची आर्किटेक्टची सही आणि नोंदणी क्रमांक मात्र खऱ्या माणसाचे निघाले. आर्किटेक्टांची नोंद ठेवणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला, तर दुसऱ्याच एका आर्किटेक्टचं नाव आलं. ते दुसऱ्या शहरातले. त्यांनी ना आमचा प्लॉट पाहिला होता, ना नकाशा. आपल्या नावाचा असा वापर झाल्याचं त्यांनी आम्हाला लेखी दिलं. त्या सज्जन माणसाचे आम्ही ऋणी आहोत.

म्हणून कळकळीने सांगते. 1972 च्या आर्किटेक्ट्स अॅक्टप्रमाणे कौन्सिलकडे नोंद नसलेल्याला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. नकाशे परवानाधारक अभियंताही दाखल करतो, पण त्याचाही परवाना पालिकेत तपासता येतो. क्रमांक आहे एवढ्यावर थांबू नका. तो ज्याचा आहे त्याला स्वतः फोन करा, आणि फोन नंबर समोरच्याने दिलेला नको, कौन्सिलच्या नोंदीवरून शोधून काढलेला हवा. पालिकेचं शुल्क चलनाने पालिकेलाच जातं, त्याची पावती असते. ते कुणाच्या खासगी खात्यात मागितलं तर तिथेच व्यवहार थांबवा. नकाशावर ‘आतील मापे’ असं लिहून घ्या, आणि आखणी झाली की पलंग-कपाटाची मापं घेऊन त्या चुन्याच्या रेघांत स्वतः उभे राहा.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जातो आहोत. तिथे घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते आणि 5 लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. तुमच्याबाबत असं झालं असेल तर खात्याचं स्टेटमेंट, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आणि तो खोटा नकाशा जपून ठेवा. रागाने फाडू नका, मूळ प्रत त्या माणसाला परत तर मुळीच देऊ नका. आमच्याकडून ती ‘दुरुस्तीसाठी’ म्हणून मागितली गेली होती. भावाने दिली नाही, आणि आज तक्रारीसोबत तीच जोडली आहे.